परसातील टाक्यात नवे मासे सोडण्याचा पाठ
(इयत्ता चौथी व पाचवी : परिसर अभ्यास, गणित व कार्यानुभव)

शाळेच्या परसबागेला लागून एखादे सिमेंटचे टाके किंवा लहानशी बोडी असावी, तीत चार मासे असावेत, अशी हौस अलीकडे पुष्कळ गावांतून दिसून येते. ही हौस स्तुत्य आहे. पाण्यातील जीवसृष्टीचे जे ज्ञान पुस्तकातील चित्रावरून वर्षभरात होत नाही, ते टाक्याच्या काठावर पंधरा दिवसांत होते. तथापि या कामाचा प्रारंभ बहुधा चुकीच्या टोकाकडून होतो. आधी मासे येतात, त्यांच्यासाठी घाईघाईने टाके भरले जाते, आणि पाण्याचा विचार मासे मेल्यावर सुरू होतो. हा क्रम बदलावा, एवढ्यासाठी प्रस्तुत पाठाची आखणी केली आहे.

पूर्व विदर्भातील एका तलावकाठच्या शाळेत घडलेली हकीकत आरंभी सांगणे उपयुक्त होईल. गावकऱ्यांनी श्रमदानाने शाळेच्या परसात टाके बांधून दिले होते. लांबी ३ मीटर, रुंदी २ मीटर, आणि पाणी ६० सेंटिमीटर. एका सायंकाळी ते नळाच्या पाण्याने भरले. दुसऱ्या दिवशी दुपारी छोटासा समारंभ ठरला. एका पालकाने मत्स्यबीज केंद्रातून रोहू व कतला यांची चाळीस बोटुकली प्लॅस्टिकच्या पिशवीत आणली. पिशवी मोटारसायकलला अडकवून तासभर उन्हातून आणलेली होती. पाहुणे खोळंबले होते. गुरुजींनी पिशवी सोडण्याची खूण केली, तेव्हा मासेमारी करणाऱ्या घरचा पाचवीतील एक मुलगा पुढे येऊन म्हणाला, "गुरुजी, आंधी पिशवी पान्यात ठेवा लागते." पाहुण्यांसमोर मुलाने मध्ये बोलावे हे गुरुजींना रुचले नाही. त्यांनी त्याला रांगेत परत पाठविले. पिशवी उघडली गेली, मासे टाक्यात ओतले गेले, टाळ्या झाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी एकतीस मासे पोट वर करून तरंगत होते.

मुले हिरमुसली, आणि लगोलग दोष कोणाचा याची चर्चा सुरू झाली. आदल्या दिवशी शाळा सुटल्यावर तोच मुलगा बराच वेळ टाक्याच्या काठी बसलेला काहींनी पाहिला होता. त्याने पाण्यात चुना टाकला असावा, धुण्याची पूड टाकली असावी, असे एकाने म्हटले आणि दहांनी उचलले. मुलगा दोन दिवस शाळेत आला नाही.

येथवरची हकीकत पुष्कळ शाळांत थोड्याफार फरकाने घडत असेल. पुढे जे झाले ते मात्र लक्षात ठेवण्याजोगे आहे. गुरुजींनी मुलांची उलटतपासणी केली नाही. त्यांनी तापमापक, लिटमस कागद आणि फळा यांच्या साह्याने पाण्याचीच तपासणी केली. फळ्यावर त्यांनी दोन दिवसांचा घटनाक्रम वेळेसह लिहून काढला : टाके केव्हा भरले, पाणी कोठून आले, मासे किती वाजता निघाले, किती वाजता पोहोचले, पिशवी केव्हा उघडली. त्यात एक ओळ अशी होती : 'पिशवी आधी पाण्यात ठेवावी असे एका विद्यार्थ्याने सुचविले, शिक्षकांनी ऐकले नाही.' ही ओळ लिहून झाल्यावर वर्गातील कुजबुज थांबली. त्याच सायंकाळी गुरुजी मुलाच्या घरी गेले.

पाण्याच्या तपासणीत तीन गोष्टी आढळल्या. पहिली गोष्ट उष्णतेची. त्याच वेळी, तशाच उन्हातून, तेवढ्याच पाण्याची पिशवी गावाबाहेर फिरवून आणली तेव्हा तिच्यातील पाण्याचे तापमान ३४ अंश सेल्सियस भरले. टाक्यातील पाणी सावलीमुळे २७ अंशांवर होते. माशाचे शरीर भोवतालच्या पाण्याइतकेच तापते व निवते. आपल्याप्रमाणे त्यास स्वतःची ऊब राखता येत नाही. सात अंशांचा बदल हळूहळू झाला तर हे मासे तो सहन करतात, परंतु क्षणार्धात झालेल्या बदलाने त्यांच्या श्वसनावर व रक्ताभिसरणावर आघात होतो. दुसरी गोष्ट, टाके नवे होते. नव्या सिमेंटमधून चुन्याचा अंश पाण्यात उतरतो. तांबडा लिटमस कागद त्या पाण्यात निळा झाला तो त्यामुळेच. चुना पाण्यात होता खरा, पण तो कोणाही मुलाने टाकलेला नव्हता.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, आणि खेड्यातील प्रत्येक शाळेस लागू पडणारी आहे. नळाच्या पाण्यात ग्रामपंचायत टीसीएल पावडर टाकते. माणसाच्या प्रकृतीसाठी ते आवश्यकच आहे. नळाच्या तोटीशी पाण्यात लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावा असा पिण्याच्या पाण्याचा मानक आहे. परंतु माशाचे कल्ले अतिशय नाजूक असतात आणि याहून कितीतरी कमी क्लोरीनने त्यांना इजा होते. जे पाणी माणसास निर्धोक, तेच माशास घातक, ही बाब मुलांच्या मनावर एकदा ठसली की 'शुद्ध पाणी' या शब्दाचा अर्थ ती अधिक काळजीपूर्वक करू लागतात. गावच्या जलसुरक्षकाने येऊन ओ.टी. चाचणी करून दाखविली. नळीतील पाणी पिवळे झालेले मुलांनी डोळ्यांनी पाहिले. (चाचणीचे द्रावण विषारी असते, ते जलसुरक्षकानेच हाताळावे, मुलांच्या हाती देऊ नये.)

या तिहींपैकी नेमक्या कोणत्या कारणाने मासे मेले, हे गुरुजींनी ठामपणे सांगितले नाही. तिन्ही कारणे एकाच वेळी हजर होती; ती वेगळी करून पाहावयाची तर आणखी मासे मारावे लागले असते, आणि तसा प्रयोग शाळेत कदापि होऊ नये. कारण संभवते एवढे म्हणणे आणि कारण सिद्ध झाले असे म्हणणे, यांतील अंतर दहा वर्षांच्या मुलास समजत नाही असे मानण्याचे काही कारण नाही.

पूर्वतयारी

टाके नवे असेल तर ते पाण्याने भरावे, आठवडाभर ठेवावे, उपसून टाकावे आणि पुन्हा भरावे. लिटमस कागदाचा रंग बदलेनासा होईपर्यंत हे करीत राहावे. उपसलेले पाणी परसबागेत सोडताना ते कोवळ्या रोपांच्या मुळाशी न घालता कडेला सोडावे. पाणी विहिरीचे अगर तलावाचे मिळाल्यास उत्तम; नळाचेच असेल तर उघड्यावर, उन्हात, निदान दोन दिवस राहू द्यावे व मधून मधून बादलीने वर उचलून ओतावे, म्हणजे क्लोरीन उडून जातो. खात्री करून घ्यावयाची तर पुन्हा ओ.टी. चाचणी करवून घ्यावी. पुढे टाक्यात भर घालतानाही हाच नियम पाळावा लागतो. पुष्कळ ठिकाणी पहिले पाणी नीट मुरविले जाते आणि महिन्याने एखादा उत्साही मुलगा थेट नळी सोडतो.

एवढ्याने पाणी तयार झाले असे मात्र नाही. मासा जे खातो त्याचा मळ होतो, आणि त्याच्या कल्ल्यांवाटे अमोनिया पाण्यात उतरतो. तो साठला तर मासा त्यातच गुदमरतो. जुन्या बोडीत असे होत नाही, कारण तेथील दगडांवर, गाळावर, पानवनस्पतींच्या मुळांवर सूक्ष्म जंतूंची वस्ती झालेली असते. काही जंतू अमोनियाचे नायट्राइट करतात, काही त्या नायट्राइटचे नायट्रेट करतात, आणि नायट्रेट वनस्पतींच्या उपयोगी पडते. शेतातील मातीत हेच कार्य चालते. रशियन शास्त्रज्ञ विनोग्राड्स्की यांनी १८९० च्या सुमारास या जंतूंचा शोध लावला. नव्या टाक्यात ही वस्ती होण्यास साधारणतः तीन ते सहा आठवडे लागतात. जुन्या, निरोगी बोडीतील चार दगड व थोडी वनस्पती आणून ठेवल्यास ती लवकर होते. आरंभी दोनतीनच मासे ठेवून जंतूंना काम मिळू द्यावे, मग इतर आणावेत.

'जंतू म्हणजे रोग' एवढेच समीकरण प्राथमिक शाळेत शिकविले जाते. ते सुधारण्याची ही चांगली संधी आहे.

टाक्याभोवती कुंपण व वर जाळी असावी. वीतभर पाण्यातही लहान मूल बुडू शकते. ही सूचना येथे एका वाक्यात आली म्हणून तिचे महत्त्व कमी समजू नये.

किती मासे?

हा प्रश्न गणिताच्या तासाला घ्यावा. वरील टाक्यात पाणी किती? ३ × २ × ०.६ = ३.६ घनमीटर, म्हणजे ३,६०० लिटर. आकडा मोठा वाटतो, आणि चाळीस मासे त्यात सहज मावतील असे मुले म्हणतात. आता दुसरी माहिती द्यावी. मोठ्या तळ्यात कतला, रोहू, मृगळ यांचे संवर्धन करताना हेक्टरी साधारणतः ५,००० ते १०,००० बोटुकली सोडतात. हेक्टर म्हणजे १०,००० चौरस मीटर. तर टाक्याच्या ६ चौरस मीटर पृष्ठभागास किती? उत्तर येते तीन ते सहा. चाळिसांच्या ठिकाणी तीन ते सहा! हे उत्तर मुलांना स्वतः काढू द्यावे. शिक्षकांनी आधी सांगून त्याची गंमत घालवू नये. हकीकतीतील टाक्यात पहिल्या रात्रीच्या मृत्यूंस दाटी कारण झाली नसेल, कारण बोटुकली लहान होती. पण ती जगती तर काही महिन्यांत झालीच असती.

संख्या पृष्ठभागावरून का ठरते, याचे उत्तर श्वसनात आहे. पाण्यात विरघळणारा प्राणवायू मुख्यत्वे पृष्ठभागावरून व पाणवनस्पतींकडून येतो. तोही किती थोडा! २० अंश सेल्सियसला एक लिटर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम, ३० अंशांस सुमारे साडेसात मिलिग्रॅम. पाणी जितके तापते तितका प्राणवायू कमी मावतो, आणि नेमक्या त्याच वेळी माशास तो अधिक लागतो. रात्री वनस्पतीही प्राणवायू घेतात, म्हणून पहाटे त्याचा साठा सर्वांत कमी असतो. पहाटे मासे पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करताना दिसले, तर ते खेळत नसून गुदमरत आहेत असे समजावे. येथे तलावकाठची मुले हमखास विचारतात, मरळ घमेल्यातल्या चिमूटभर पाण्यात तासन् तास कशी जगते? मरळ हवेतील प्राणवायू घेऊ शकते. तिच्या डोक्यात कल्ल्यांच्या वर त्यासाठी खास पोकळी असते. कतल्याला ती सोय नाही.

खरे पाहता ६० सेंटिमीटर खोलीचे टाके कतला-रोहूंना पुरेसे नाही. त्यांस दीड-दोन मीटर पाणी लागते. शाळेच्या टाक्यास गावच्या तलावातील लहान जातीचे, डासांच्या अळ्या खाणारे मासे अधिक योग्य. आरोग्य विभागाकडून गप्पी मासे मिळतात. ते मूळचे दक्षिण अमेरिकेच्या उत्तर भागातील व जवळच्या बेटांवरील. विसाव्या शतकाच्या आरंभी ते डासनिर्मूलनासाठी भारतात आणले गेले. त्याच कामासाठी गॅम्बुसिया हा मासा १९२८ मध्ये इटलीतून आला. गप्पीची मादी अंडी न घालता पिलांनाच जन्म देते, तीही दर महिन्यास. मुलांना हे पाहण्यात मोठे कुतूहल वाटते. परंतु बंद टाक्यातच ते ठेवावेत, याविषयी पुढे पुन्हा सांगितले आहे.

पाठाचा मुख्य भाग

मासे आणण्याची वेळ सकाळी ऊन चढण्यापूर्वीची किंवा सायंकाळची ठरवावी. भर दुपारी मासे आणू नयेत, पाहुणे येणार असले तरी.

पिशवी आल्यावर ती न उघडता टाक्यातील पाण्यावर सावलीत पंधरा-वीस मिनिटे तरंगत ठेवावी. मुलांनी दर पाच मिनिटांनी टाक्यातील पाण्याचे आणि पिशवीला लावून धरलेल्या तापमापकाचे अंश वहीत लिहावेत. (प्रयोगशाळेतील तापमापक घ्यावा, तापाचा नव्हे.) ही पंधरा मिनिटे मुलांना जड जातात. शिक्षकांनी ती गोष्ट सांगून भरून काढू नयेत. वाट पाहणे हा या कामाचाच भाग आहे.

तापमान जुळले की पिशवीचे तोंड उघडावे आणि टाक्यातील पाणी वाटी-वाटीने पिशवीत घालावे. येथे एक हिशेब करवून घेता येतो. पिशवीत ३४ अंशांचे ६ लिटर पाणी आहे. न तरंगविता तीत २७ अंशांचे १ लिटर पाणी घातले, तर मिश्रणाचे तापमान किती? (६ × ३४ + १ × २७) ÷ ७ = ३३. एका लिटरने फक्त एकच अंश उतरला. थोडे थोडे घालण्याचा अर्थ यातून स्पष्ट होतो. वाटीने पाणी घालणे केवळ उष्णतेसाठी नसते. पाण्याचा क्षारपणा, आंबटपणा, विरघळलेली लवणे या सर्वांशी माशाचे शरीर जुळवून घेत असते.

मात्र उघडी पिशवी तासभर तशीच ठेवू नये. हे वरवर पाहता उलटे वाटते, म्हणून कारण सांगावे. बंद पिशवीत माशांच्या श्वासाने कार्बन डायऑक्साइड साठतो, त्यामुळे पाणी किंचित आंबट होते, आणि अशा पाण्यात साठलेला अमोनिया बराचसा निरुपद्रवी रूपात राहतो. पिशवी उघडताच तो वायू निघून जातो, आंबटपणा कमी होतो आणि तोच अमोनिया घातक रूप धारण करतो. प्रवास लांबचा असेल तर हा धोका विशेष. म्हणून पिशवी बंद असताना घाई करू नये, आणि उघडल्यावर दहा-पंधरा मिनिटांपेक्षा जास्त रेंगाळू नये.

यानंतर मासे हातजाळीने अलगद उचलून घ्यावेत, पण टाक्यात सोडू नयेत. ते एका मोठ्या टबात, टाक्यातीलच पाण्यात, दोन ते तीन आठवडे वेगळे ठेवावेत. पिशवीतील पाणी टबात किंवा टाक्यात ओतू नये. ते झाडांना घालावे. विलगीकरण हा शब्द २०२० च्या साथीपासून घरोघरी परिचित झालेला असल्याने त्याचे स्पष्टीकरण सोपे जाते. १३७७ मध्ये एड्रियाटिक समुद्रावरील रागुसा या बंदराने प्लेगच्या भीतीने बाहेरून येणाऱ्यांस तीस दिवस वेगळे राहण्याचा नियम केला होता, कल्पना तीच. नव्या माशाच्या अंगावर पांढरे ठिपके, खवल्यांत रुतलेला दोऱ्यासारखा कृमी, चिकटलेली चपटी ऊ, कुजलेले पर यांपैकी काही आहे काय, हे मुलांनी रोज पाहावे. हे रोग पहिल्या दिवशी दिसत नाहीत. दिसतात तेव्हा टाक्यातील जुन्या माशांनाही ते लागलेले असतात, आणि जुन्यांना त्यात काहीही दोष नसतो. टबातील निम्मे पाणी दर दोन दिवसांनी बदलावे आणि टबाची जाळी टाक्यात वापरू नये. या नियमाकडे दुर्लक्ष फार होते.

टबातून टाक्यात नेतानाही पाणी आधी वाटीवाटीनेच जुळवावे. टाक्यात जुने मासे असतील तर सोडण्यापूर्वी त्यांना थोडे खाद्य घालावे, म्हणजे ते नव्यांच्या मागे लागत नाहीत. आणि लपण्यास एखादे फुटके मडके आडवे ठेवावे. पहिल्या दिवशी नव्या माशांना खाऊ घालू नये. त्यांनी खाल्ले नाही म्हणून मुले आणखी घालतात, आणि न खाल्लेले कुजून पाणी बिघडते.

मडक्याचा उल्लेख आला आहे म्हणून मत्स्यबीजाच्या प्रवासाची थोडी माहिती येथेच द्यावी. मोठे कार्प मासे साठलेल्या तलावात सहसा अंडी घालीत नाहीत. त्यांस पावसाळ्यातील वाहत्या पुराचे पाणी लागते. म्हणून पूर्वी मत्स्यबीज बंगालच्या नद्यांतून पकडून मातीच्या हंड्यांतून आगगाडीने दूरवर पाठवीत. सोबतचा माणूस हंडीतील पाणी हाताने सतत हालवीत राही. का, हे मुलांनी सांगावे. प्राणवायूचा भाग नीट शिकविला असेल तर वर्गातील निम्मे हात वर येतील. पुढे १० जुलै १९५७ रोजी ओडिशातील अंगुल येथे डॉ. हिरालाल चौधरी यांनी माशांच्या पोषग्रंथीचा अर्क टोचून कार्प जातीच्या माशांकडून बंदिस्त पाण्यात अंडी घालवून घेतली. मत्स्यबीज केंद्रे उभी राहिली ती या शोधावर. तो दिवस आता राष्ट्रीय मत्स्य शेतकरी दिन म्हणून पाळला जातो. आज हंडीच्या जागी पिशवी आली आहे. तीत एक भाग पाणी व दोन भाग प्राणवायू असतो.

पाठासाठी घरचा जाणकार

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या जिल्ह्यांत माजी मालगुजारी तलावांच्या काठाने ढीवर समाजाची वस्ती आहे. मालगुजारी १९५० च्या कायद्याने गेली, तलाव राहिले. पाण्याचा रंग पाहून त्याची प्रत ओळखणारे, मासा कोणत्या थरात चरतो हे न पाहता सांगणारे वृद्ध या वस्त्यांतून आहेत. त्यांच्यापैकी एकास पाठाच्या दिवशी सन्मानाने शाळेत बोलवावे. हकीकतीतील गुरुजी मुलाच्या घरी गेले तेव्हा त्याच्या आजोबांशी त्यांचे बोलणे झाले. पंधरा दिवसांनी ते आजोबा टाक्याच्या काठी आले. पाण्यात हात घालून ते बराच वेळ नुसते बसून राहिले, आणि मग म्हणाले की अजून आठ दिवस थांबा. गुरुजींनी तापमापक व लिटमस दोन्ही वापरून पाहिले होते आणि पाणी तयार आहे असे त्यांचे मत होते. तरी त्यांनी आठ दिवस थांबविले. दुसऱ्या खेपेस सहाच मासे आणले गेले, आणि पिशवी पाण्यावर धरून ठेवण्याचे काम त्या मुलाकडे होते. सहाही जगले. पहिल्या खेपेतील वाचलेले नऊ मासे आधीच गावच्या मोठ्या तलावात, मत्स्य सहकारी संस्थेला विचारून, सोडले होते.

अशा पाहुण्यास प्रश्न विचारताना मुले 'तुम्ही मासे मारता का?' असेही विचारतील. काही घरांत मासे खात नाहीत, काही घरांचे पोटच त्यावर चालते. शाळेच्या टाक्यातील मासे अभ्यासासाठी आहेत, एवढे सांगून थांबावे. कोणाच्याही घरचे अन्न वर्गात टीकेचा अगर थट्टेचा विषय होऊ देऊ नये.

'सोडणे' या शब्दाविषयी

मासे 'सोडले' की काम संपले, अशी समजूत या क्रियापदामुळेच होत असावी. टाक्यात सोडलेला मासा खरे तर सांभाळावयाचा असतो. उलट, ज्या ठिकाणी तो मुळीच सोडावयाचा नाही त्या जागा मुलांना स्पष्ट सांगितल्या पाहिजेत. गप्पींची संख्या वाढली म्हणजे बादलीभर उचलून नाल्यात किंवा गावतलावात टाकावेत, असा दयाळू विचार प्रत्येक वर्गात कोणीतरी मांडते. असे करू नये. गप्पी व गॅम्बुसिया हे स्थानिक माशांची अंडी व पिले आणि बेडकांचे भैरे खातात, आणि अन्नासाठी स्थानिक माशांशी स्पर्धा करतात. तिलापिया १९५२ मध्ये भारतात आला व आज अनेक जलाशयांत त्याचा उपद्रव आहे. थाई मागूर या नावाने विकल्या जाणाऱ्या, मूळच्या आफ्रिकेतील मागुराच्या संवर्धनावर भारतात २००० पासून बंदी आहे; तरी तो अधूनमधून बाजारात सापडतो, आणि हौशी पालक तो आणून देण्याचा संभव असतो. मासा कोणत्या जातीचा हे कळल्याशिवाय तो टबातदेखील घेऊ नये. जास्तीचे गप्पी दुसऱ्या शाळेच्या बंद टाक्यासाठी द्यावेत, किंवा आरोग्य उपकेंद्रास कळवावे.

डासांविषयीही अतिशयोक्ती टाळावी. टाक्यातील मासे टाक्यातील अळ्या खातात. फुटक्या डब्यात, टायरात, कूलरमध्ये साठलेल्या पाण्यापर्यंत ते पोहोचत नाहीत. अंड्यापासून डास होण्यास आठ-दहा दिवस पुरतात, म्हणून आठवड्यातून एकदा अशी भांडी पालथी करणे हे काम मुलांकडेच राहते.

नोंदवही व सुट्ट्या

टाक्याची एक स्वतंत्र नोंदवही असावी. तारीख, वेळ, पाण्याचे तापमान, किती मासे दिसले, काय घातले, काय विशेष आढळले, एवढे रकाने पुरेत. मासा मेला तर तो कोणत्या दिवशी व कोणत्या स्थितीत आढळला हे लिहावे. कोणामुळे मेला हा रकाना आखू नये. दर आठवड्यास दोन मुलांनी नोंद ठेवावी आणि शिक्षकांनी शनिवारी ती वाचून दाखवावी. वरील शाळेतील नोंदवहीचे पहिले पान म्हणजे फळ्यावरचा तो घटनाक्रमच होय, मुलांनी उतरवून घेतलेला, गुरुजींच्या चुकीच्या ओळीसह.

दिवाळीच्या सुट्टीत मासे उपाशी मरतील अशी चिंता मुलांस वाटते. टाक्यात शेवाळ, वनस्पती व कीटक असतील आणि मासे थोडेच असतील, तर दोन आठवडे बाहेरचे खाद्य न घातल्याने बिघडत नाही. जाताना एकदम मूठभर खाद्य टाकून जाण्याने मात्र नक्की बिघडते. उन्हाळ्याच्या सुट्टीची गोष्ट वेगळी. तेव्हा टाक्यातील पाणी रोज आटते, आणि गावात नळ दोन-तीन दिवसांआड येतो. कोणत्या घराने कोणत्या आठवड्यात दोन दिवस मुरविलेले पाणी आणून घालावयाचे, याची यादी एप्रिलच्या पालकसभेत ठरवून शाळेच्या दारावर लावावी. पाण्याची तशी सोय होण्यासारखी नसेल तर मार्च संपण्यापूर्वीच मासे दुसऱ्या शाळेस देऊन टाके कोरडे करावे आणि पावसाळ्यात पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी.